अर्पणाचें मोल कशानें ठरतें?

थोर कुळांत जन्मलेल्या मनुष्यानें परक्यांकरितां प्राण दिला, तर त्याचें अर्पण गरिबाच्या अर्पणाहून मोठें काय? ज्याच्यापाशीं सोडावयाचें पुष्कळ, त्याचा त्यागही मोठा, असें पुष्कळांस वाटतें. एका इंग्रज उमरावाच्या चरित्रावरून ह्या प्रश्नाचा विचार करूं.

सफोकचे २० वे अर्ल चार्ल्स हॉवर्ड ह्यांचा जन्म १९०६ सालीं झाला. त्यांच्या मातुश्री ह्या हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ह्यांच्या मेहुणी होत. १९१७ सालीं वडील मेसोपोटेमियांतील लढाईंत पडले, आणि ११ वर्षांच्या मुलाकडे पदवी आली. परंतु ते सुखांत लोळत राहिले नाहींत. त्यांनीं शिडाच्या जहाजावर काम केलें, ऑस्ट्रेलियांत कष्ट केले, आणि पुढें एडिंबरो विद्यापीठांत औषधिशास्त्राचा अभ्यास केला. १९४० च्या जून महिन्यांत फ्रान्स शत्रूच्या हातीं जात असतां त्यांनीं तेथील कांहीं शास्त्रज्ञ, हिरे, आणि अणुसंशोधनास लागणारें दुर्मिळ 'जड पाणी' हीं 'ब्रूमपार्क' नांवाच्या जहाजानें इंग्लंडांत सुखरूप आणिलीं.

त्यानंतर न फुटतां पडून राहिलेले जर्मन बाँब निकामी करण्याचें काम त्यांनीं पत्करिलें. त्यांच्याबरोबर दोघें असत: चिटणीस आयलीन बेरिल मॉर्डन व मोटार हांकणारे फ्रेड हार्ड्स. लोक ह्या तिघांस 'पवित्र त्रैक्य' म्हणत. तें नांव मनुष्यांस देणें आपणांस रुचणार नाहीं. परंतु त्यांची एकजूट त्यांतून दिसते. अर्ल काम करीत, आणि मॉर्डनबाई तेथेंच राहून त्याची टिपणें घेत. ३४ बाँब असे निकामी झाले. १२ मे १९४१ रोजीं केंट परगण्यांतील एरिथच्या दलदलींत ३५ वा फुटला, आणि हीं तिघेंही मरण पावलीं; त्यांच्याबरोबर कांहीं सैनिकही गेले. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत अर्लना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हें पदक जाहीर झालें.

तो मान योग्यच होता. धोक्याच्या कामाचा भार त्यांनीं स्वतः उचलिला होता. तरी देवाच्या ताजव्यांत तिघांपैकीं कोणाचें पारडें जड? येथें दोन टोल्या टाकणारी विधवा आठवावी. प्रभूनें तिचें दान तिनें किती टाकिलें ह्यावरून मोजिलें नाहीं, तर टाकून झाल्यावर तिच्यापाशीं काय उरलें ह्यावरून मोजिलें. श्रीमंतांजवळ देऊनही पुष्कळ उरलें होतें. आतां हेंच माप प्राणार्पणास लावून पाहा. जो प्राण देतो त्याच्यापाशीं कांहींच उरत नाहीं, मग तो अर्ल असो, चिटणीस असो, कीं मोटार हांकणारा असो. पदवी व वाडा हीं प्रत्येकास मरणाच्या उंबरठ्यावर टाकावींच लागतात. तीं अर्पणांत धरितां येत नाहींत. म्हणून हीं तीन अर्पणें समान होत.

मग अर्लची थोरवी कशांत? कुळांत नव्हे, तर त्या कुळाचा आडोसा करून ते मागें राहिले नाहींत ह्यांत. दुसऱ्यांस खड्ड्यांत उतरवून आपण कांठावर उभें राहण्यास अनेक सबबी मिळाल्या असत्या. ते स्वतः उतरले.

प्रिय बंधुभगिनींनो, आपणांपैकीं बहुतेकांपाशीं प्रभु प्राण मागत नाहीं. रोजची सेवा मागतो. उपकारस्तुतीच्या दिवशीं मोठें दान देणाऱ्याचें नांव आपण मंडळीपुढें वाचतों, आणि वर्षभर मंदिर झाडणाऱ्या बाईचें नांव कोणाच्या तोंडीं येत नाहीं. पहिल्याचा मान काढून घेऊं नये. पण दुसरीस विसरूंही नये. तसेंच ज्यांस अधिक मिळालें आहे त्यांनीं एवढेंच पाहावें: कठीण काम येतें तेव्हां आपण खड्ड्यांत असतों, कीं कांठावर?