खांदशेकणीचा हात

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत बैलांची खांदशेकणी होते. कपाशीच्या डवरणीत दिवसदिवस जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद लावतात, हलक्या हाताने शेकतात आणि ‘उद्या जेवायला या’ असं आवतण बैलालाच देतात. फिरता फिरता हात मध्येच थांबतो. इथे सूज आहे, इथली कातडी सोलवटली आहे. बैलाचा खांदा येतो आहे हे लांबून दिसलेलं नसतं, ते बोटांना कळतं. मग जू कुठे घासतं ते पाहिलं जातं.

बैल राखणाऱ्या सालदाराचाही तो सण. पाडव्याला त्याचं साल ठरतं, पोळ्याला नवे कपडे मिळतात, बैल घरोघरी नेले की ओवाळणीचा बोजारा मिळतो. पण समजूतदार घर एवढ्यावर थांबत नाही. ‘भाऊ, रात्री ओलिताला जाता, बॅटरी नीट चालते ना? पोराचा ताप उतरला का?’ असं अधूनमधून विचारतं. आणि बॅटरी बिघडली असेल तर दुसऱ्या दिवशी आणून देतं. पुढच्या पाडव्याला अशा घराला नवा सालदार शोधत फिरावं लागत नाही.

आपल्या हाताखालीही माणसं असतात. जिनिंगमध्ये, दुकानात, बँकेत, शाळेत. त्यांचा खांदाही एका दिवसात येत नाही. सुटीचा अर्ज तसाच पडून राहतो. रात्रपाळी दर वेळी एकाच्याच वाट्याला येते. कुणाला चारचौघांत बोल लावला जातो. बोलता येत असूनही माणूस बोलत नाही, आणि घासलेली जागा चिघळत जाते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समिती असावी, तिच्यात मालक आणि कामगार यांचे सारखेच प्रतिनिधी असावेत, असं कायदा सांगतो. ही समिती हवीच. मात्र तक्रार कागदावर उतरते तोवर दुखणं बरंच जुनं झालेलं असतं.

म्हणून रोज सकाळी कामाला लागण्याआधी एकाच माणसाजवळ दोन मिनिटं थांबावं. खुर्चीत बसून त्याला बोलावू नये, आपण त्याच्या जागेवर जावं. ‘सध्या कामात काय जड जातंय?’ एवढं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावं. पहिल्या वेळी ‘काही नाही, साहेब’ असंच ऐकू येईल. चौथ्या-पाचव्या वेळी खरं काय ते ओठांवर येईल. त्यातलं जे आपल्या हातात आहे ते संध्याकाळपर्यंत करावं. जे हातात नाही, ते का नाही हे सरळ सांगावं. पोळा वर्षातून एकदा येतो. मायेचा हात मात्र आजच्या सकाळीही फिरवता येतो.