बेकारी हे मागच्या जन्मीचे भोग काय?

आमच्या गोखिवऱ्यात लहान कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. त्यांत पुष्कळजण ठेकेदाराच्या हाताखाली राबतात. आज काम आहे, उद्याची खात्री नाही. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील काम सुटल्यावरही दोन महिने रोज डबा घेऊन घराबाहेर पडत आणि दिवसभर स्टेशनवर बसून राहत. झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा खरे उघडकीस आले. त्यांची आई म्हणाली, "मागच्या जन्मीचे भोग, दुसरे काय!"

दीक्षा घेतलेल्या घरात हे वाक्य यावे याचे मला वाईट वाटले. 1982 च्या संपानंतर मुंबईतील हजारो गिरणी कामगार कामाला मुकले. इतक्यांची पापे एकदमच कशी पिकली? ऑस्ट्रियातील मारिएन्थाल गावची गिरणी 1930 च्या सुमारास बंद पडली. तेथे अभ्यासकांना आढळले की, हाती वेळ असूनही लोक वाचनालयातून पुस्तके कमी नेऊ लागले. पुरुषांची चालसुद्धा मंदावली. गिरणी बंद झाली म्हणून माणसे खचली. कारण याच जन्मात, डोळ्यांसमोर होते.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात हेच कारण सांगितले आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, मग शस्त्रे, हिंसा, असत्य आले आणि माणसांचे आयुष्य घटत गेले. कूटदन्त सुत्तात उपायही आहे : शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन.

बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बजावले की, बेकार माणूस नोकरीसाठी धर्माचे स्वातंत्र्यदेखील सोडून देईल. म्हणून कामाच्या ठिकाणी जयभीम म्हणताना कोणी कचरला, तर त्याला भ्याड म्हणण्याआधी त्याच्या घरची चूल पाहावी.

मग बेकाराने दारू प्यावी काय? नाही. बेकारी त्याने ओढवून घेतलेली नसते, पण पंचशील त्याच्या हाती असते. आणि त्याला एकटे न सोडणे आपल्या हाती असते. विहारात वंदना झाल्यावर कोणाचे काम सुटले, कोठे जागा आहे, एवढे तरी विचारूया. ज्या घरात खरे सांगता येते, तेथून कोणाला रिकामा डबा घेऊन स्टेशनवर बसावे लागत नाही.