बाबांच्या शेजारी बसायला तुम्हाला वेळ नाही

किल्ली कपाटात कुलूपबंद केली म्हणजे प्रश्न मिटला, असं समजू नकोस. परवा फोनवर तू मोठ्या समाधानाने सांगितलंस, "बाई, बाबांची गाडी बंद केली एकदाची." ज्या माणसाने उभं आयुष्य रायपुरात पंडरीच्या कपडा मार्केटमध्ये उभं राहून काढलं, तुझ्या फिया वेळेवर भरल्या, त्याचं घराबाहेर पडणं तू एका दुपारी बंद केलंस. कारण काय, तर ई-रिक्षाला आरसा घासला. तेही सुनेसमोर, नातवंडांसमोर, आवाज चढवून.

आणि त्याआधी दोन वर्षं काय करत होतास? तुमच्या फाटकाच्या डाव्या खांबाला गाडीचा लाल रंग लागला होता. एकदा नाही, एकावर एक, तीन वेगवेगळ्या उंचीवर. दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा मला दिसला. तू रोज त्याच फाटकातून बाहेर पडतोस, तुला दिसला नाही? दिसला असणार. तू डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस, कारण विचारलं असतं तर वेळ द्यावा लागला असता.

हे मी एकट्या तुला ऐकवत नाही. देवेंद्रनगर, शंकरनगर, मोवा, पंडरी इथे राहणारे, पन्नाशीला टेकलेले तुम्ही सगळेच ऐका. म्हातारपणी गाडी चालवणाऱ्या आईवडिलांबाबत तुम्हाला दोनच गोष्टी येतात: आधी डोळेझाक, मग हिसकाहिसकी. मधलं सगळं काम करायचं राहतं आणि ते तुमचं काम आहे.

परवान्याच्या फॉर्मपासून सुरू करू. पंचावन्न ओलांडलेल्याला परवाना पाच वर्षांसाठीच मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 14 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर तसं लिहिलेलं आहे. चाळिशीनंतर नूतनीकरणासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, तो फॉर्म 1-अ. आणि फॉर्म 1 म्हणजे अर्जदाराने स्वतः दिलेली हमी. फीट येते का, 25 मीटरवरची मोटारीची नंबर प्लेट भर उजेडात वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, कानाला ऐकू येतं का, असे प्रश्न त्यात असतात. आता मला सांग, सारथीच्या संकेतस्थळावर बाबांचा हा फॉर्म कोणी भरला? तू भरलास. ते आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते आणि तू त्यांना एक प्रश्न न विचारता खाली खाली खुणा करत गेलास. रातांधळेपणा? नाही. ऐकायला कमी? नाही. डॉक्टरांचा कागद एजंटाने आणून दिला. त्या डॉक्टरांनी तुझ्या वडिलांचं तोंडही पाहिलेलं नाही, डोळे तर दूरच. परीक्षेत कोणी दुसऱ्याची उत्तरपत्रिका लिहिली तर मी काय करत असे, ते तुम्हाला आठवत असेल. इथे तर उत्तर चुकलं तर माणूस मरतो.

सत्तराव्या वर्षी मिळालेला तो कागद पंच्याहत्तरीपर्यंत चालतो. मोतीबिंदू पाच वर्षं थांबत नाही. म्हणून परवान्याची तारीख आणि डोळ्यांची तपासणी यांची सांगड घालू नका. डोळे वर्षातून एकदा तपासलेच पाहिजेत. जिल्हा रुग्णालय पंडरीतच आहे, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात फुकट होते. तरी तुमच्यातल्या एकाने मला सांगितलं, "बाबा नाही म्हणतात." म्हणणारच. तपासणीला एकट्याने जाऊन तीन तास रांगेत बसा म्हटल्यावर कोण हो म्हणेल? तुम्ही सुट्टी काढा आणि बरोबर जा.

तिथे गेल्यावर नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. भिंतीवरची अक्षरं वाचता येणं वेगळं आणि रात्री आठ वाजता देवेंद्रनगर चौकात समोरून पांढऱ्याफेक एलईडीचा झोत येत असताना रस्ता दिसणं वेगळं. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत जो प्रकाश पोचतो, तो विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडतं. शिवाय झोत डोळ्यांवर आला की पुन्हा नीट दिसायला म्हाताऱ्या डोळ्याला जास्त वेळ लागतो. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. तीन सेकंद आंधळेपणाने गेले, तर हिशेब तुम्हीच करा. गणित मी शिकवलं आहे. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात गुरं रस्त्यावर येऊन बसतात. काळ्या डांबरावर काळी गाय. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने या गुरांची स्वतःहून दखल घेऊन सरकारला फटकारलं आहे, पण सरकार रस्ता मोकळा करेपर्यंत बाबांना रात्रीच्या रस्त्यावर एकटं सोडू नका.

काचबिंदूचं तर अजून वाईट. त्यात समोरचं स्वच्छ दिसत राहतं आणि कडेचं हळूहळू जातं. माणसाला स्वतःला कळतसुद्धा नाही. "मला सगळं दिसतं" असं तो मनापासून सांगतो, आणि डावीकडून गल्लीतून निघालेली स्कूटी त्याच्यासाठी जगातच नसते. डोळ्यांतला दाब आणि कडेची नजर तपासा, असं डॉक्टरांना तोंडाने सांगा.

गोळ्यांचा डबा कोणी उघडून पाहिला आहे? रात्रीची झोपेची गोळी सकाळी दहापर्यंत अंगात रेंगाळते. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांनी गुंगी येते. मधुमेहाचं इन्सुलिन घेतलं, नाश्त्याला उशीर झाला आणि तसंच बँकेत निघाले, तर साखर उतरून चौकात भोवळ येऊ शकते. मधुमेहाने तळपाय बधिर होतात. मग ब्रेकवर पाय आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर, ते पायाला नीट समजत नाही. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, यातली कुठली घेऊन गाडी चालवायची नाही. हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

पायाची गोष्ट मी उगाच काढलेली नाही. जपानमध्ये पंच्याहत्तरीनंतर परवाना वाढवताना आकलनशक्तीची चाचणी द्यावीच लागते. तरीसुद्धा एप्रिल 2019 मध्ये तोक्योतल्या इकेबुकुरोत 87 वर्षांच्या एका माणसाने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला, आणि सायकलवरून जाणारी एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागच्या जागी गेल्या. गाडीतच बिघाड होता, असं तो कोर्टात सांगत राहिला. कोर्टाने ते मानलं नाही. 2021 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच 2019 च्या जानेवारीत इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप, वय 97, सँड्रिंगहॅमजवळ मोठ्या रस्त्याला लागताना दुसऱ्या गाडीवर आदळले, त्यांची गाडी उलटली. सूर्य डोळ्यांवर होता, असं त्यांनी नंतर जखमी बाईंना पत्राने कळवलं, आणि फेब्रुवारीत परवाना परत केला. राजवाड्यात चालक कमी नव्हते. शेजारी बसून वेळेवर बोलणारं माणूस हवं होतं, आणि तेच तुमच्या घरातही नाही.

म्हणून पहिलं काम हे की बाबांच्या शेजारी बसा. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, त्यांना चालवू द्या आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. मोबाईल खिशात. पंडरीतून तात्यापाऱ्यापर्यंत जा. तिथे आत्या राहते, निमित्तही शोधायला नको. शारदा चौकापुढचा तो अरुंद तुकडा, ज्याच्या रुंदीकरणाची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे, तिथे नुसतं बघा. उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज येतो का? मान मागे वळते की नुसते डोळे वळतात? सिग्नल हिरवा झाल्यावर मागून हॉर्न वाजेपर्यंत कळत नाही, असं होतं का? ओळखीच्या चौकात कुठे वळायचं, याला अडखळतात का? गाडी दोन रांगांच्या मधोमध चालते का? बाबा स्कूटरवर जात असतील, तर मागे बसा. स्टँडवर चढवताना हात थरथरतात का, थांबल्यावर पाय जमिनीला पुरा टेकतो का, ते पाहा. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातली जवळजवळ 45 टक्के दुचाकीवरची होती. तरी "बाबा हळूच चालवतात, हेल्मेट कशाला" असं तुम्ही माझ्याच ओसरीत बसून म्हणता. हळू चाललेल्या स्कूटरवरून पडलं तरी डोकं डांबरावरच आपटतं.

जे दिसेल त्याप्रमाणे वागा. नजर आणि मान कमी पडत असेल तर वेळ बदला: सकाळी अकरा ते दुपारी चार. संध्याकाळी मार्केट भरल्यावर, लग्नसराईत आणि दिवाळीच्या आठवड्यात पंडरीत गाडी काढायचीच नाही. पंडरीचा बस स्टँड 2021 मध्ये भाठागावला गेला, तरी इथली गर्दी काही कमी झालेली नाही. उजवं वळण अवघड जात असेल तर असा रस्ता ठरवा, ज्यात सिग्नलवरच उजवीकडे वळावं लागेल. दोन किलोमीटर जास्त पडले तर पडू देत. रेल्वेच्या छोट्या लाईनच्या जागी झालेल्या एक्स्प्रेसवेवर भरधाव गाड्यांत त्यांना घालू नका. सीट पुढे घ्या, पाठीला उशी द्या, दोन्ही आरसे त्यांच्या नजरेला जुळवून द्या. चपला काढून पाय धरून ठेवणारे बूट घाला म्हणावं. हे सगळं करून दहा वर्षं नीट गाडी चालवणारी माणसं असतात.

आणि ज्याला हे सगळं करूनही जमत नाही, त्याला थांबवायलाच हवं. त्यात मी एका शब्दाची सूट देणार नाही. रस्त्यावर चालणाऱ्या पोराचा जीव बाबांच्या मानापेक्षा मोठा आहे. पण थांबवण्याची एक रीत असते. घरातल्या एकानेच बोलायचं, चारचौघांत नाही. तुम्ही शेजारी बसून काय पाहिलं, ते सांगायचं. "तुमचं वय झालं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. तुमचं ऐकत नसतील, तर डॉक्टरांकडून सांगवायचं. पुष्कळ वडील मुलाचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकतात. मुख्य म्हणजे, गाडी थांबवण्याआधी पुढची सोय तयार हवी. बाबा गाडी घेऊन कुठे कुठे जातात, याची यादी तुझ्याकडे आहे? नाही. निम्म्या फेऱ्या टाळता येतात. पेन्शनवाल्याला हयातीच्या दाखल्यासाठी खिडकीवर जावं लागत नाही. 2014 पासून जीवन प्रमाण आहे, आता चेहरा दाखवून मोबाईलवर होतं. सत्तरीपुढच्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलं आहे. बँकेत जाऊन मागा. उरलेल्या फेऱ्या, म्हणजे देऊळ, आत्या, मित्रांचा कट्टा, या तुमच्या. मंगळवारी सकाळी आणि शनिवारी दुपारी मी नेतो, असं ठरवून सांगा आणि त्या वेळेला दारात उभे राहा. "बघू, नंतर जाऊ" ऐकून ऐकून कंटाळलेला म्हातारा एक दिवस गुपचूप दुसरी किल्ली शोधतो, आणि तेव्हा तुम्ही त्याला हट्टी म्हणता.

गणपतीतले कार्यक्रम ठरवणारेही तुम्हीच आहात. नाटक रात्री साडेआठला ठेवता, अकराला संपवता, आणि मग सत्तरीच्या माणसांनी अंधारात गाडी चालवत मोव्याला जायचं. पाचला ठेवा. नाहीतर प्रत्येक म्हाताऱ्याला कोण सोडणार, त्याची नावं आधी लिहून काढा.

आता दुकानदारांशी बोलते, कारण तुमच्यातले निम्मे पंडरीतच धंदा करतात. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही कापडाचे गठ्ठे रचता, पुतळे उभे करता, समोर तुमचीच मोटरसायकल आडवी लावता. गल्लीतून बाहेर येणाऱ्याला मुख्य रस्ता दिसतच नाही. जवान पोरगा मान लांबवून, अंदाज घेऊन निसटतो. ज्याची मान आखडली आहे, त्याला गाडीचं नाक रस्त्यात घातल्याशिवाय काही कळत नाही, आणि तेवढ्यात मागून तुमचा हॉर्न सुरू होतो. वर काच खाली करून "ओ बाबा, हटो" असंही ओरडता. मी ते कानांनी ऐकलं आहे, आणि ओरडणारा माझाच विद्यार्थी होता.

त्याला आणि बाकीच्या सगळ्यांना सांगते: उद्या दुकान उघडाल तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यापासून दहा पावलं दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवा, आपली वाहनं मागच्या बाजूला लावा, आणि पुढे कोणी दबकत बाहेर पडत असेल तर हॉर्नवरचा हात काढा. मी गुरुवारी बाजारात येणार आहे आणि प्रत्येक गल्लीचं तोंड बघणार आहे.