सत्तेची वर्षे : उत्सव की हिशेब?



आमच्या मुकुटबनच्या नावातच मुकुट आहे, आणि ज्या वऱ्हाडात हे गाव वसले त्याने एकाच वेळी दोन मुकुट पाहिले. 1853 पासून कारभार इंग्रजांचा, नाममात्र सार्वभौमत्व निजामाचे. महाराणी व्हिक्टोरियाचा सुवर्णमहोत्सव 1887 मध्ये, हीरकमहोत्सव 1897 मध्ये, तर निजाम मीर उस्मान अली खान यांचा रौप्यमहोत्सव 1937 मध्ये साजरा झाला. राजा सिंहासनावर अमुक वर्षे बसला, एवढ्यानेच ती गोष्ट उत्सवास पात्र ठरते काय?

दीर्घायुष्य ही अल्लाहची देणगी आहे आणि देणगीबद्दल शुक्र अदा करणे योग्यच होय. परंतु वर्षे मोजल्याने न्याय मोजला जात नाही. 1897 साली देशात दुष्काळ होता, पुणे प्लेगने होरपळले होते. तरीही 22 जून रोजी गणेशखिंडीत सरकारी समारंभ झाला. त्याच रात्री तेथून परतणाऱ्या रँडवर गोळी झाडली गेली. हत्येचे समर्थन करता येत नाही. मात्र त्या रोषणाईचा आणि रयतेच्या दुःखाचा विसंवादही नाकारता येत नाही.

आता ह. उमर (रजि.) यांच्याकडे पाहा. हिजरी 18 च्या दुष्काळात, लोकांना मिळेपर्यंत आपणही तूप व मांस घेणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्यांच्याच काळात कालगणना ठरली. तिचा आरंभ कोणाच्या जन्मापासून वा राज्यारोहणापासून नव्हे, तर हिजरतीपासून, म्हणजे सत्यासाठी घरदार सोडण्यापासून धरला गेला. इस्लामने स्मरणासाठी त्याग निवडला, तख्त नव्हे.

राजांपैकी काहींना याची जाणीव होती, हे सांगणे न्यायाचे ठरेल. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी 1936 मध्ये आपल्या हीरकमहोत्सवानिमित्त ग्रामीण गरिबांच्या कल्याणासाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. वर्धापनदिन प्रजेच्या हिताचा करता येतो, तो असा.

वाचकहो, आता राजे उरले नाहीत. पण आपल्या संस्था, ट्रस्ट आणि शाळा पंचवीस-पन्नास वर्षांच्या होत आहेत. त्या दिवशी मंडप घालण्यापूर्वी हिशेबाची वही उघडा. किती अनाथांची फी भरली गेली, किती विधवांचा हक्क पोहोचला, कोणाची अमानत अडकून राहिली? सूरह अस्र आपल्याला बजावते की काळ सरत असतो आणि ईमान, सत्कर्म, सत्य व सब्र यांवाचून माणूस तोट्यातच राहतो. सरलेल्या काळाचा जाब कयामतच्या दिवशी द्यायचा आहे. तो आजच स्वतःला विचारलेला बरा.

अल्लाह आपणा सर्वांना याची सद्बुद्धी देवो. आमीन.