बलुतं की मजुरी?

फेलोशिप घेणारा पोरगा मिंधा होतो का? हा सवाल आपल्या बैठकीत दर वेळी निघतो. एक गट म्हणतो, सरकारचं खाल्लं की तोंड उघडत नाही, पोरगा पीएच.डी.ला गेला की चळवळीतून गेलाच. दुसरा म्हणतो, देतात ना, मग घ्या आन् गप बसा. मला दोन्ही बोलणी एकाच वळणाची वाटतात. दोघंही धरून चालतात की फेलोशिप म्हणजे कुणीतरी झोळीत टाकलेलं दान.

आपल्या आज्या-पणज्यांनी वर्षभर गावाची कामं केली, सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली. सुगीला खळ्यावर जाऊन हात पसरला. ती मजुरीच होती. देणाऱ्यानं तिला दान म्हटलं. सगळी गोम त्या नावात. मजुरीचा हिशेब मागता येतो. दान म्हटलं की नुसता जोहार.

आज तेच चाललंय. माझा हप्ता रखडला तेव्हा कचेरीतला बाबू म्हणाला, ‘फुकटचं मिळतंय, थोडं थांबा की.’ फुकटचं? दप्तरखान्यात दिवसभर मोडी कागद लावत बसणं हे काम नाही? प्राध्यापकाच्या पगाराला कुणी उपकार म्हणत नाही.

आणि हे काम घाईचं नाही. चिठ्ठी आज द्यायची, फाईल उद्या येते. आली तरी तिच्यात आपलं माणूस असेलच असं नाही. ते दप्तर लिहिलं लिहिणाऱ्या जातींनी. त्यात आपण बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणून, नाहीतर वेठीला धरलेले म्हणून भेटतो. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली फौजेत महारांची भरती व्हावी म्हणून थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. आपल्या माणसांचे असले कागद शोधायला महिने जातात. पुढच्या महिन्याची भाकर ठरलेली असेल तोच थांबू शकतो. ज्याची नाही तो महिनाभरात उरकेल असा विषय घेतो. म्हणजे हप्ता लांबवणारा बाबू नुसते पैसे लांबवत नाही, कोणता इतिहास लिहिला जाणार नाही हेही ठरवतो. बंदीहुकूम न काढता घातलेली ही बंदी आहे.

हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलानं १७ जानेवारी २०१६ ला जीव दिला. शेवटच्या पत्रात त्यानं सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये, येणं असल्याचं लिहिलं. मरतानाही तो भीक मागत नव्हता, येणं सांगत होता. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक पोरं-पोरी आझाद मैदानावर बसली, ती मजुरीसाठीच.

आता मिंधेपणाचं. बाबासाहेबांनी १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेतली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार. पैसा इंग्रजांच्या मांडलिक राजाचा. पण कोलंबियात त्यांनी त्याच इंग्रज सरकारच्या अर्थकारभाराचा हिशेब मांडला. तो ग्रंथ १९२५ साली छापला तेव्हा सयाजीरावांना अर्पण केला. उपकार मानले, तेही उघड, छापून. पण निष्कर्ष गहाण ठेवला नाही. कृतज्ञता आणि मिंधेपणा यांतला फरक हाच. कृतज्ञता चारचौघांत बोलते. मिंधेपणा चारचौघांत गप राहतो.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनं बाबासाहेबांची विद्यार्थी म्हणून असलेली फाईल आजही जपून ठेवली आहे. तिथली विद्यापीठं आपल्या माणसाचा कागद जपतात आणि इथं तो वाचू पाहणाऱ्या पोराला वर्षाच्या मेसबिलाची धास्ती!

मग आपण कुणाचं देणं लागतो? मंत्र्याचं नाही. त्यानं खिशातून दिलेलं नाही. काडेपेटीवर, चहाच्या पुड्यावर कर भरणाऱ्या वस्तीतल्या बाईचा पैसा त्यात आहे. तिला दप्तरखान्याचं दार ठाऊक नाही. म्हणून दोस्तांनो, हाती लागलेल्या कागदाची नक्कल प्रबंधाच्या पुठ्ठ्यात कोंडू नका. वस्तीत न्या, मोठ्यानं वाचून दाखवा, समजेल अशा बोलीत सांगा. सरकारकडे हिशेब मागायचा, तर आपलाही हिशेब तिच्यापुढं मांडावा लागेल. फेलोशिप घेऊन जो हे करतो तो मिंधा नाही. जो करत नाही, तो फेलोशिप न घेताही मिंधाच.