सांधा आणि नवागत : परक्या कथेत लिहिण्याच्या नीतीविषयी

दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन, त्याच्याच कथाविश्वात राहून आपण नवी कथा लिहावी काय, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा, फार तर कायद्याचा वाटतो. प्रस्तुत लेखात तो नैतिक प्रश्न म्हणून विचारात घ्यायचा आहे. निमित्त आहे ते ‘फॅन फिक्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनाचे आणि त्याच्या उत्सवांचे. या लेखनाला येथे सोयीसाठी ‘अनुकथा’ म्हणू.

या उत्सवांची रीत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. २००३ पासून दरवर्षी होणारा ‘यूलटाइड’ हा त्यांतला प्रसिद्ध उत्सव. भाग घेणारा प्रत्येक जण आपल्याला कोणत्या कृतीवरची कथा वाचायला आवडेल ते कळवतो आणि आपण कोणत्या कृतींवर लिहू शकतो तेही सांगतो. त्यानुसार प्रत्येकाला एक अनोळखी वाचक नेमून दिला जातो. ठरलेल्या मुदतीत त्या वाचकासाठी किमान एक हजार शब्दांची कथा लिहायची असते. कथा नाताळात प्रकट होते, लेखकाचे नाव मात्र १ जानेवारीपर्यंत झाकलेले राहते. प्रवेशाला कोणतीही पात्रता लागत नाही. आयुष्यात एकही कथा न लिहिलेला माणूस येथे लेखक म्हणून उभा राहू शकतो. या नवागताची अवस्था विलक्षण आहे. एरवी कथेतल्या पात्रांविषयीचा अंतिम अधिकार लेखकाकडे असतो. येथे मात्र वाचक त्या पात्रांना लेखकाइतकाच, कित्येकदा त्याच्याहून अधिक ओळखत असतो. मग हा प्रवेश कशाच्या बळावर योग्य ठरतो?

यावर दोन उत्तरे सहज सुचतात. पहिले म्हणजे मूळ लेखकाची अनुमती. परंतु अनुमतीचा निकष लावला तर व्यास आणि वाल्मीकी यांच्यानंतरचे निम्मे भारतीय वाङ्मय बाद करावे लागेल. दुसरे उत्तर नवनिर्मितीचे : पुरेशी नवी भर घातली की उसनवारी क्षम्य ठरते. हे उत्तर सौंदर्यशास्त्रीय आहे, नैतिक नव्हे. चोराने चोरलेल्या सोन्याचा सुबक दागिना घडवला म्हणून चोरी पुसली जात नाही. ज्यूलिया क्रिस्तेव्हाची आंतरसंहितात्मकता किंवा रोलाँ बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ यांचाही येथे मर्यादितच उपयोग होतो. प्रत्येक संहिता ही इतर संहितांचीच वीण आहे असे म्हटले, की ऋण आणि चोरी यांतला भेदच मावळतो. आपल्याला तर नेमका तोच भेद हवा आहे.

या भेदाची बारकाईने चर्चा संस्कृत साहित्यशास्त्रात आढळते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त ‘हरणा’चा विचार करताना परक्या अर्थाशी असलेल्या साम्याचे प्रकार सांगितले आहेत. केवळ शब्द बदलून तोच अर्थ मांडणारा ‘प्रतिबिंबकल्प’ तो त्याज्य ठरवतो. याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्रकाराला तो ‘परपुरप्रवेशसदृश’ म्हणतो. योग्याने दुसऱ्याच्या देहात प्रवेश करावा तसा हा प्रकार : मूळ एकच, पण रचनेचा सारा परिवार निराळा. अनुकथेचे याहून नेमके वर्णन आधुनिक समीक्षेतही क्वचितच सापडेल. तथापि राजशेखराची दृष्टी कवीच्या कौशल्यावर आहे. प्रवेश करणाऱ्याचे देणे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

या प्रश्नाचे उत्तर मराठी परंपरेत एकनाथांच्या दोन घटनांतून मिळते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. अशी भर म्हणजे अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी, असा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. परक्या ग्रंथात लिहिण्याचा याहून कठोर निषेध मराठीत नाही. परंतु याच एकनाथांचे ‘भावार्थरामायण’ अपुरे राहिले आणि ते पूर्ण केले गावबा या त्यांच्या शिष्याने. परंपरेतल्या कथेनुसार गावबा हा पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला, मंदबुद्धी समजला जाणारा मुलगा. त्याला ‘एकनाथ’ या नामाखेरीज दुसरे नामही घेता येत नसे. नवागत याहून नवा असू शकत नाही. तरीही त्याने केलेल्या पूर्तीला कोणी नरोटी म्हटले नाही.

या दोन घटनांत विसंगती आहे काय? माझ्या मते नाही. ज्ञानेश्वरीत ओव्या घुसवणाऱ्यांचा दोष त्यांच्या ओव्या सामान्य होत्या हा नव्हे. त्यांनी आपली ओवी ज्ञानेश्वरांची म्हणून वाचकाच्या हाती दिली, हा आहे. कोणती ओवी कोणाची हे कळण्याची वाटच त्यांनी बुजवली. याउलट युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंतची रचना नाथांची आणि पुढची गावबाची, हे परंपरेने लक्षात ठेवले. तेथे सांधा दिसतो. नाथांचे कोठे संपले आणि शिष्याचे कोठे सुरू झाले, हे वाचकाला ठाऊक असते आणि ते ठाऊक असूनही तो पुढे वाचतो. म्हणून मुद्दा भर घालण्याचा नसून सांधा लपवण्याचा आहे. परक्या कथेत प्रवेश करणाऱ्याचे पहिले देणे हे की त्याने आपल्या प्रवेशाची जागा उघडी ठेवावी.

दुसरे देणे वाचकाचे. ते स्पष्ट होण्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या शेजारच्या तालुक्यांतली दोन उदाहरणे घेता येतील. दोन्ही भाषांतराची आहेत आणि भाषांतर म्हणजे अनुकथा नव्हे, हे आधीच नोंदवायला हवे. परंतु परक्या संहितेत पाऊल टाकणाऱ्याचा धर्म दोन्हीकडे सारखाच आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. त्यांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती आणि उपलब्ध पद्यानुवादही तिला अवघड वाटला. तेव्हा तूच का लिहीत नाहीस, असे तिने आपल्या मुलाला विचारले. ती १९१८ साली गेली. ‘गीताई’ सिद्ध झाली ती १९३०-३१ मध्ये. जिने मागणी केली तिला ती कधीच वाचता आली नाही, पण ग्रंथाच्या नावातच ती राहिली. गीतेसारख्या ग्रंथाला हात घालण्याचा अधिकार विनोबांनी पांडित्यावर उभा केला नाही. या ग्रंथापुढे आपण नेणते बाळ आहोत, अशीच भूमिका त्यांनी घेतली. एका विशिष्ट वाचकाच्या मागणीतून तो अधिकार आला. उत्सवातल्या नवागताला अनोळखी वाचक नेमून दिला जातो तेव्हा, प्रमाण कितीही लहान असले तरी, हेच घडते. ‘मला लिहिण्याचा काय हक्क?’ या प्रश्नाची जागा ‘याला काय हवे आहे?’ हा प्रश्न घेतो आणि लेखनाचा आरंभ स्वतःऐवजी दुसऱ्यापासून होतो.

दुसरे उदाहरण रोह्याशी निगडित असलेल्या चिंतामणराव देशमुखांचे. रिझर्व्ह बँकेच्या या पहिल्या भारतीय गव्हर्नरांनी कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठीत पद्यानुवाद केला. ‘मेघदूत’ हे तर पाहुण्यांना सरावलेले काव्य. त्याच्या अनुकरणातून संस्कृतात दूतकाव्यांची परंपराच निर्माण झाली. राष्ट्रकूटकालीन जैन आचार्य जिनसेन यांनी ‘पार्श्वाभ्युदय’ रचताना ‘मेघदूता’च्या ओळी समस्यापूर्तीच्या रीतीने प्रत्येक श्लोकात गुंफल्या आणि विरही यक्षाच्या काव्यातून तीर्थंकर पार्श्वनाथांचे चरित्र उभे केले. शृंगाराची ओळ वैराग्याच्या श्लोकात बसवणे हे मूळ काव्याशी केवढे धाडस! पण कालिदासाची ओळ कोणती हे संस्कृतज्ञ वाचकाला लगेच कळत होते. किंबहुना ते कळल्याशिवाय त्या काव्याचा आस्वादच अपुरा राहतो. दिलेली ओळ, ठरलेली चौकट आणि परीक्षक असलेला जाणता श्रोता, ही समस्यापूर्तीची अंगे आजच्या लेखनोत्सवात जवळजवळ जशीच्या तशी आढळतात.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. ऋण आणि देणे यांची भाषा आदराची आहे. मग जी कथाच अन्यायाची आहे तिच्यात शिरणाऱ्याने काय करावे? जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) वामनावताराची कथा बळीच्या बाजूने उलटवली. एकलव्य आणि शंबूक यांना दलित कवितेने नव्याने बोलते केले. त्यांच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे हा दुसरा अन्याय ठरेल. आक्षेप रास्त आहे. परंतु उघडा सांधा म्हणजे भक्ती नव्हे. फुल्यांच्या मांडणीचे सामर्थ्य वाचकाला पुराणातला वामन ठाऊक असण्यावर आणि कथा कोठे उलटली हे त्याला स्पष्ट दिसण्यावर अवलंबून आहे. विद्रोहालाही सांधा दाखवावाच लागतो. तो झाकला तर विद्रोह ओळखूच येत नाही. म्हणून सांध्याची अट भक्त आणि विद्रोही या दोघांनाही समान लागू पडते.

पुराणांविषयी बोलणे मात्र सोपे आहे, कारण तेथे दुखावला जाणारा लेखक हयात नाही. ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या अंतू बर्व्याला घेऊन आज कोणी नवा प्रसंग लिहिला तर? पु. ल. देशपांडे २००० साली गेले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. शिवाय १९५७ च्या कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला, त्याने हक्क विकले असले तरी, कर्तृत्वावर दावा सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक अशा विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार देते. या कलमात दोन वेगळी दुःखे ओळखलेली आहेत : माझे लेखन माझे न राहणे आणि माझ्या लेखनाची मोडतोड होणे. प्रामाणिक अनुकथा पहिले दुःख देत नाही, कारण पात्र कोणाचे हे ती आरंभीच सांगते. दुसऱ्याचा धोका मात्र तिला टाळता येत नाही, आणि नवागताने तो हलका मानू नये. उघड्या सांध्याने फसवणूक टळते, पण दुखावणे टळतेच असे नाही.

आपल्या भोवतालचा खरा अनैतिक व्यवहार मात्र वेगळाच आहे. पु. ल., कुसुमाग्रज यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेले लेख आणि कविता भ्रमणध्वनीवरून फिरत असतात आणि सुशिक्षित माणसे ते भक्तिभावाने पुढे पाठवतात. नरोटीचा हाच आधुनिक अवतार होय. अनुकथा लिहिणारा ‘पात्र त्यांचे, शब्द माझे’ असे म्हणतो; हा अनाम रचनाकार ‘शब्दही त्यांचेच’ असे म्हणून स्वतः नाहीसा होतो. तरीही आपण पहिल्याला उसनवार म्हणून हिणवतो आणि दुसऱ्याला दाद देतो. उत्सवातले अनामत्व मुदतीचे असते. कथा नावाच्या दडपणाशिवाय वाचली जावी यासाठी ते पाळले जाते आणि ठरल्या दिवशी लेखक पुढे येऊन जबाबदारी स्वीकारतो. या दुसऱ्या अनामत्वाला मुदत नाही, म्हणून जबाबदारीही नाही.

पदव्युत्तर वर्गातला एखादा विद्यार्थी अशी अनुकथा दाखवायला आणतो, तेव्हा ‘यात तुझे काय?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. तो मालकीचा प्रश्न आहे आणि नवागताला त्याचे उत्तर सहसा देता येत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारता येतील : तू या कथेत नेमका कोठून शिरलास? ती जागा वाचकाला दिसते का? आणि हे कोणासाठी लिहिलेस? यांची उत्तरे ज्याला देता येतात, त्याची कथा कच्ची असली तरी तिचा प्रवेश रीतसर झालेला आहे. ती पक्की करण्याचे काम त्यानंतरचे, आणि त्यासाठी समीक्षेची सारी साधने आपल्याजवळ आहेतच.