वरचा रंग आणि आंतली घासणी



प्रभुभोजनाकरितां आमच्या मंडळीनें जुन्या बाजारांतून एक सागवानी मेज विकत घेतलें. ईस्टरचा सण चार दिवसांवर आला होता, म्हणून मीं घाईनें त्यावर पांढऱ्या तैलरंगाचा जाड हात मारला. सण झाला, सर्वांनीं वाहवा केली. पण मृगाचा पाऊस लागला आणि रंगाचे पापुद्रे सुटूं लागले. खालीं जुना हिरवा रंग, दिव्याचें तेल व धुरळा तसाच होता. त्यावर नवा रंग धरणार कसा?

त्याच सणापूर्वीं मंडळींतील दोन घरांचा बांधाचा तंटा मीं असाच मिटविला होता. कोणाचें गाऱ्हाणें न ऐकतां दोघांचे हात एकमेकांच्या हातांत दिले. पेरणी आली, आणि तोही रंग उडाला. दोष माझ्या घाईचा होता.

मग गांवच्या सुतारदादांनीं मला धडा दिला. प्रथम धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें तेलकटपणा काढावा व लांकूड पुरतें वाळूं द्यावें. सुटलेला रंग खरवडावा. पॉलिशपेपर लांकडाच्या रेषांच्या दिशेनें फिरवावा. आडवा फिरविल्यास ओरखडे राहतात. किडीच्या भोकांतून ताजा भुसा गळत असेल तर आधीं औषध घालावें, मगच लांबी भरावी. नंतर अस्तराचा हात, आणि शेवटीं रंगाचे दोन पातळ हात. पहिला पुरता वाळल्यावर दुसरा.

त्यांनीं आणखी एक गोष्ट बजाविली. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसें असलेले घरगुती रंग करण्यास व विकण्यास मनाई करणारा नियम आपल्या देशांत 2016 सालीं झाला व 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाची कोरडी धूळ पोटांत वा श्वासांत गेल्यास विशेषेंकरून लेंकरांस अपाय करते. म्हणून असा रंग कोरडा घासूं नये. पाण्यानें भिजवून, मास्क लावून, मुलांस दूर ठेवून घासावा, आणि निघालेला गाळ नीट गोळा करावा.

बंधूंनो, जुनीं भांडणें उकरतांना हेंच ध्यानांत ठेवा. चावडीवर कोरडें घासलेलें भांडण घरोघर उडतें, आणि लेंकरांच्या अंतःकरणांत विष होऊन बसतें. मत्तयाच्या 18 व्या अध्यायांत प्रभूनें शिकविलें आहे कीं, अपराधी भावाकडे प्रथम एकट्यानें जावें. दया व अश्रू हेंच आपलें पाणी.

त्या दोन्ही घरीं मी पुन्हां गेलों, वेगवेगळा बसलों व मुकाट्यानें ऐकलें. एकानें नांगराचीं दोन तासें पलीकडे गेल्याचें कबूल केलें. दुसऱ्याचें मन अजून पुरतें वाळलेलें नाहीं. पुढचा हात देण्याची घाई मी करणार नाहीं.

जो नासरेथांत स्वतः सुतारकाम करीत होता, त्यास वरच्या रंगानें कोण फसवील? जुनें लांकूड तो टाकून देत नाहीं. पण घासल्यावांचून तें रंगवीतही नाहीं. त्याच्या हातीं आपण स्वतःस देऊं या. आमेन.